गयाबाईची पिशवी

सोजरच्या हातातल्या बांगड्या माय साबण लावून उतरवत होती. मनगट दाबून, अंगठा आत दुमडून, एकेक बांगडी, एकही न टिचू देता. सवाष्णीच्या बांगड्या फुटलेल्या चालत नाहीत आणि ऑपरेशनला घातलेल्याही चालत नाहीत, असा पेच. सोजर म्हणजे माझी भावजय. दवाखान्याचा हिरवा झगा घालून ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. हात असा सैल सोडलेला, जसा काही तो तिचा नाहीच, मायचाच आहे.

"हात आखडू नको," माय म्हणाली.

"न्हाई आखडीत, आत्या."

"मग रडतीस कशाला?"

"साबण गेला डोळ्यात."

साबण तिच्या मनगटाला होता, पण मायनं ते ऐकून घेतलं.

दसरा होऊन गेला होता. दसऱ्यानंतर आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यातली बाई कंबर धरून बसली की कोयता बसला, कोयता बसला की खाडा, म्हणजे बुडाल्या दिवसाचा दंड, आणि खाडा पडला की मुकादमाच्या कपाळाला आठी. म्हणून आमच्याकडं बायांनी एक सोपी रीत काढलेली. बायांनी म्हणजे कुणी काढली ते विचारू नका. गाव सोडायच्या आधी तालुक्याला यायचं आणि पिशवी काढून टाकायची. पुस्तकात गर्भाशय म्हणतात. आम्ही पिशवी म्हणतो, आणि ती बाजाराच्या पिशवीसारखीच खुंटीवरून काढून ठेवतो.

सोजरचं वय बावीस. एक पोरगी, अजून अंगावर पिणारी. तिच्या ओटीपोटात दुखायचं, पांढरं जायचं, एवढंच. माझा भाऊ भागवत तिला या दवाखान्यात घेऊन आला, तर डॉक्टरनं सांगितलं, पिशवी सडलीय, ठेवली तर कॅन्सर. झालं. मुकादम आश्रुबानं खर्च उचलला, जीप दिली, आणि ऑपरेशन ठरलं. सोजरला कुणी विचारलं नाही. मी विचारलं होतं, भाकरी थापताना. ती तव्याकडं बघत म्हणाली, "मला अजून एक पायजे, वन्सं. पोरगी एकटी पडंल."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. आता माझी तालुक्याच्या स्टँडवर खानावळ आहे आणि लोक मला घाबरून असतात, कारण कुणाच्या ताटात काय येईल याचा नेम नसतो. परवा एका फौजदाराला कारल्याची बर्फी खाऊ घातली. तेव्हाही मी अशीच होते. गावात कुणाची कोंबडी गुलाबी झाली की लोक आधी आमच्या दारात यायचे. पण त्या सकाळी मला हसू येत नव्हतं. डोक्यात एक खोडी घोळत होती आणि ती फसली तर सोजरची पिशवी दुपारच्या आत बादलीत जाणार होती.

सोबत शमीम होती. बांगडीवाल्या हुसेनचाचाची पोरगी, माझी जिवाची मैत्रीण. आमचा गावातल्या पोरींचा एक गट होता, एका संस्थेच्या ताई चालवायच्या. मातीची पिशवी करून दाखवायच्या, कुठं असते, काय करते, काढली की अंगाचं काय होतं. पहिल्या दिवशी ताईंनी आम्हाला फक्त एक शब्द बोलायला लावला होता, पाळी. आमच्याकडं तो शब्द तोंडातून काढत नाहीत. अडचण म्हणतात. अमकीला अडचण आलीय, तमकी अडचणीत आहे. ताई म्हणायच्या, पोरींनो, ज्याला अडचण म्हणाल ते काढूनच टाकावंसं वाटणार. आम्ही दोघी मग घरोघर पाळी पाळी करत हिंडलो, वाटेत शिव्या खाल्ल्या, आणि एका सासऱ्यानं आमच्या अंगावर कुत्रं सोडलं.

शमीम व्हरांड्यात बसलेल्या बायांशी बोलत होती. पाच-सहा जणी होत्या, सगळ्या आमच्यासारख्याच, तोडीला जायच्या आधी आलेल्या.

"मावशी, एकदा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवून बघा," शमीम म्हणत होती. "नुसतं पांढरं जातंय तर गोळ्यांनी बी बरं होतं."

"लगीन झालंय का तुव्हं?" एका बाईनं विचारलं.

"न्हाई."

"मग तुला काय ठावं पिशवीतलं? आधी पिशवी वापर, मग शिकव."

बाया हसल्या. शमीमसुद्धा हसली, पण तिचे कान लाल झाले. हे आमचं रोजचं होतं. लग्न झालं नाही तोवर तोंड उघडायचं नाही, आणि लग्न झालं की उघडायची सोय नाही.

मी मायजवळ जाऊन बसले. काल रात्रीपासून माझं सगळं बोलून झालं होतं. रडून झालं, भांडून झालं. मायचं एकच उत्तर.

"मव्ही काढली, मी मेले का?" आत्ताही तिनं तेच म्हणलं, मी काही बोलायच्या आधी. शेवटची बांगडी निघाली. तिनं सगळ्या पदराच्या गाठीत बांधल्या. "कटकट गेली. चौदा वर्सं झाली, एक दिस खाडा न्हाई."

"आन् कंबर?"

"कंबर समद्यांचीच दुखती."

"रातीला अंगाची आग व्हती म्हणून अंगणात पाणी वतून घेतीस, ती?"

"ती उनाची."

"थंडीत बी उनाची?"

मायनं माझ्याकडं पाहिलं. माझी माय गयाबाई म्हणजे साधी बाई नव्हती. तिच्या एका नजरेनं बैल वळायचा. "द्वारके, तुमच्या त्या गटानं तू लई शेफारलीस," ती म्हणाली. "तोडीला गेल्यावर ही पोट धरून बसंल तवा तुव्ही ताई येणार हाय का मोळी उचलायला?"

मोळी उचलायला ताई येणार नव्हत्याच.

आतून सिस्टर आली. जाड, तोंडात बडीशेप. सोजरकडं बोट करून म्हणाली, "हिला आत घ्या. सुई लावून ठेवते. साहेब बाहेरचे पेशंट संपवतील आणि मग हिचं करतील."

सोजर उठली. तिनं आधी मायकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी तिला डोळ्यानं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण काय सांगणार होते ते मलाच नक्की ठाऊक नव्हतं. दार बंद झालं. दारावर लिहिलं होतं, चपला बाहेर काढा.

आता वेळ नव्हता. मी शक्य तितक्या सहज आवाजात म्हणलं, "माय, आलोच आहोत तर तू बी दाखव की कंबर."

"मला काय धाड भरलीय?"

"सिस्टर," मी मोठ्यानं म्हणलं, "आमच्या मायची कंबर लई दुखती, ओटीपोटात बी. दाखवलं तर चालंल का?"

सिस्टरला काय, एक पेशंट वाढलेला बराच. "दाखवा की मावशी. सुनेबरोबर होऊन जाईल."

चार बायांसमोर सिस्टरनं मावशी म्हणल्यावर मायला नाही म्हणता येईना. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. मी तिच्या कानाशी लागले.

"माय, तिथं तू बोलू नको हं. मी बोलते. डॉक्टरला बायांनी लांबण लावलेलं चालत न्हाई. परवा एकीला हाकलून दिली."

"मी कशाला बोलू? मला काय भाषण करायचंय?"

मी मनात म्हणलं, नको करू बाई. शमीमनं लांबून माझ्याकडं पाहिलं. तिला ठाऊक होतं. कल्पना तिचीच होती खरं तर. आदल्या दिवशी वैतागून म्हणाली होती, "त्याच्याकडं म्हैस नेली तरी पिशवी सडलीय म्हणंल." म्हैस नेणं जमणार नव्हतं. पण आमच्या गावात दुसरी सोय होती. पिशवी नसलेल्या बाया गल्लोगल्ली होत्या, आणि त्यातली एक माझ्याच घरात भाकरी करत होती. तिची खालून काढलेली. पोटावर वण नाही, कुटुंबनियोजनाचा एक बारका टाका तेवढा. ती टेबलावर झोपली आणि डॉक्टरला आत काय दिसतं ते तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं, तर ऐकलं. मी सांगून ती ऐकणार नव्हती.

फक्त त्याआधी तिनं एक वाक्य बोलायला नको होतं. डॉक्टर पाळीचं विचारणार, कोणताही डॉक्टर विचारतो. मायनं "मव्ही पिशवी काढलीय" एवढं म्हणलं की संपलं. आणि गयाबाईनं तोंड मिटून बसणं म्हणजे कोंबड्यानं पहाटे गप्प बसणं.

आत पंखा फिरत होता. डॉक्टर पन्नाशीचे, गोरेगोमटे, कपाळाला गंध. त्यांचं नाव सांगत नाही. ते फोनवर कुणाला तरी बोअरला पाणी किती लागलं ते सांगत होते. फोन खांद्यात धरूनच त्यांनी आम्हाला बसायची खूण केली.

"काय त्रास?"

"कंबर दुखते डॉक्टर," मी म्हणलं. "ओटीपोटात दुखतं. अशक्तपणा बी हाये."

"वय?"

"चाळीस असंल."

"लेकरं?"

"तीन," माय म्हणाली. मी तिच्या पायावर पाय ठेवला.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खरडलं. मायकडं त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. फोनवर "दोन इंच, दोन इंच" म्हणाले आणि मग फोन बाजूला धरून, बायांशी बोलताना आवाज मऊ करतात तसा मऊ करून विचारलं, "अडचण येते का बाई?"

मी तोंड उघडायच्या आत माय बोलली होती.

"अडचण?" माय म्हणाली. तिनं एक मोठा श्वास सोडला. "अडचण तर पाचवीला पुजलेली हाये डॉक्टर."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. चौदा वर्षांपूर्वीच त्या अडचणीशी मायचा संबंध तुटला होता. तो शब्द तिच्यासाठी पुन्हा साधा झाला होता, गरिबाघरी असतो तसा.

"वेळेवर येते का?" डॉक्टर.

"तिला कसली आलीय वेळ? कवा बी येती. सण बघत न्हाई, वार बघत न्हाई."

"हं. किती दिवस राहते?"

"एक सरली का दुसरी हुबीच असती दारात. मागल्या साली बघा, ऐन पेरणीत बैल..."

मी तिच्या मांडीला चिमटा काढला. "लई दिवस राहते डॉक्टर," मी म्हणलं.

"म्हणजे जास्त जातं?"

"समदंच जातं," माय म्हणाली. "हातात काय बी उरत न्हाई."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिलं. मी भिंतीवरच्या गुबगुबीत बाळाच्या फोटोकडं बघत राहिले. हसू फुटलं असतं तर सगळं वाया गेलं असतं. आणि रडू फुटलं असतं तरी.

"वर झोपा," डॉक्टर म्हणाले.

टेबलाशेजारी मशीन होतं, धुळकट पडद्याचं. सिस्टरनं मायच्या पोटावर चिकट काहीतरी लावलं. माय आक्रसली. डॉक्टरांनी एका हातानं तो दांडू फिरवला, दुसऱ्या हातात फोन होताच. पडद्यावर काळंपांढरं काहीतरी हललं, पावसाळ्यात डबक्यात ढग दिसतात तसं. आम्ही भाकरीचं पीठ जितका वेळ मळतो त्याच्या निम्माही वेळ लागला नाही.

"ही बघ," डॉक्टर मला म्हणाले. पोरगी शिकलेली दिसते असं त्यांना वाटलं असणार. "हा काळा भाग दिसतो? गाठ आहे. पिशवीला सूज आहे, तोंडाशी जखम आहे. काढलेली बरी. ठेवून उद्या कॅन्सर झाला तर मला बोलू नका."

मी मायकडं पाहिलं.

माय छताकडं बघत पडली होती. पंख्याचा आवाज येत होता. डॉक्टर पुन्हा फोनला लागले. सिस्टर तिचं पोट पुसायला गेली, तेव्हा मायनं तिचा हात धरला. जोरात नाही, नुसता धरला.

"कशाला सूज हाये म्हणाले?" तिनं विचारलं.

"पिशवीला, मावशी."

"कुणाच्या?"

"तुमच्याच की. अजून कुणाच्या?"

मायनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. आयुष्यात मी पुष्कळ लोकांच्या तोंडाकडं तशा वेळी पाहिलंय, जेव्हा त्यांना कळतं की आपल्याला कुणीतरी बनवलं. ते तोंड आधी तांबडं होतं, मग हसतं किंवा शिवी देतं. मायचं तोंड तसं झालं नाही. ते एकदम म्हातारं झालं.

ती उठून बसली. पदर सारखा केला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "परत दावा."

"काय?"

"ती सूज आल्याली पिशवी. मला दिसली न्हाई नीट. तुम्ही पोरीला दावली. पिशवी मव्ही हाये, मला दावा."

डॉक्टर जरा वैतागले. पण बाहेर बाया बसलेल्या, दार अर्धं उघडं. त्यांनी फोन ठेवला, मायला पुन्हा आडवं केलं, दांडू टेकवला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "ही. ही पिशवी. आणि ही गाठ. दिसली?"

"हीच का?"

"हीच."

"नक्की पिशवीच हाये न्हव ही?"

"अहो बाई, मी वीस वर्षं हेच करतो."

"व्हय," माय म्हणाली. "ठावं हाये. मग चौदा वर्सांमागं नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी याच दवाखान्यात तुम्ही मव्ही काढली, ती कुणाची व्हती?"

सिस्टर बडीशेप चावायची थांबली.

डॉक्टरांनी मायकडं पाहिलं. त्या सकाळी पहिल्यांदाच. ते तिला ओळखायचा प्रयत्न करत होते, आणि ओळखू येत नव्हती. कशी येईल? एवढ्या जणी.

"तुम्ही मघाशी सांगितलं नाही," ते म्हणाले. "मी विचारलं, अडचण येते का. तुम्ही हो म्हणालात."

"मला वाटलं, घरचं विचारताय," माय म्हणाली. "मी म्हणलं, इतक्या वर्सांनी डॉक्टरला गरिबाची चौकशी करू वाटली. बरं, मी चुकले. माणूस चुकतं. ह्या मशिनीला कुणी सांगितलं, अडचण हाये म्हणून?"

"कधी कधी थोडा भाग राहतो..."

"मग तवा अर्धीच काढली का? पैसे तर पुऱ्या पिशवीचे घेतले."

डॉक्टर उठले. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला, आणि मला त्याचीच भीती वाटली. "हे कोण करायला लावतंय ते मला ठाऊक आहे," ते माझ्याकडं बघत म्हणाले. "त्या संस्थेच्या पोरी. डॉक्टरची फसवणूक म्हणून पोलिसात देईन. तुझं लग्न व्हायचंय ना अजून?"

जिभेला हाड नाही ही देवाची कृपा. "द्या की," मी म्हणलं. "फौजदार विचारतील, काय फसवलं? सांगा, बिनपिशवीची बाई दाखवली."

दारातून कुणीतरी खुदकन हसलं. शमीम. तिच्या मागं व्हरांड्यातल्या बाया उभ्या होत्या, एकमेकींच्या खांद्यावरून बघत. मघाशी शमीमला टोमणा मारणारी बाई सगळ्यात पुढं.

मायला यातलं काही ऐकू गेलं नसावं. ती टेबलावरून उतरली, चपला घातल्या, आणि बायांमधून वाट काढत, सोजर गेली त्या दारातून सरळ आत गेली. चपला बाहेर काढा लिहिलेल्या दारातून, चपलांसकट.

"अहो मावशी, तिकडं जाता येत नाही," सिस्टर मागं धावली. कंपाउंडर आडवा आला. मायनं त्याला हातानं बाजूला केलं, फांदी करावी तसं. मी मागं होते. मला एकच भीती. सुई लावली म्हणाली होती ती सिस्टर. पुढं काय काय दिलं असेल? सोजर शुद्धीत असेल का?

सोजर टेबलावर होती. दिवा अजून लावला नव्हता. एका हातात सुई, तिला नळी, नळीच्या वर बाटली. डोळे उघडे. आम्हाला बघून तिनं डोळे मिटले. मला वाटतं, तिला वाटलं आता सुरू होणार.

"ऊठ," माय म्हणाली.

"आत्या?"

"ऊठ म्हणते. सिस्टर, हिची सुई काढा. तुम्ही काढता का मी काढू? मला येत न्हाई. रगत निघंल."

सिस्टरनं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर दारात येऊन थांबले होते. त्यांच्या मागं बाया. त्यांनी दोन्हीकडं पाहिलं आणि सिस्टरला मान हलवली. सुई निघाली. सिस्टरनं कापूस दाबला.

"काय झालं आत्या? काय झालं मला?" सोजरनं विचारलं.

"काय बी झालं न्हाई," माय म्हणाली. "तुला काय बी झालं न्हाई. चल."

झग्यावरच लुगडं गुंडाळून आम्ही सोजरला बाहेर आणलं. तो झगा परत द्यायचा राहिला तो राहिलाच. पुढं शमीमनं त्याची चार फडकी केली. व्हरांड्यात ती टोमणेवाली बाई आपल्या नवऱ्याला हलवून उठवत होती. "चला. मला सरकारीत दाखवायचंय आधी." नवरा म्हणत होता, एवढ्या लांब आलोय तर. ती म्हणत होती, आलोय तसंच जाऊ.

बाहेर रस्त्याच्या कडेला जीप उभी होती. बॉनेटला टेकून भागवत आणि मुकादम आश्रुबा चहा पीत होते. आश्रुबा म्हणजे पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एकही उघडलेलं कुणी पाहिलं नाही.

"झालं?" भागवतनं विचारलं. मग त्यानं सोजरला चालत येताना पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"न्हाई झालं," माय म्हणाली. "व्हायचं बी न्हाई."

"म्हंजे?" आश्रुबा पुढं आला. "गयाबाई, परवा टोळी निघायचीय. मी डॉक्टरशी बोलून ठेवलंय. असं कसं?"

"आश्रुबा, तुला एक पिशवी पायजे न्हव?"

"मला कशाला पायजे? मी तुमच्या भल्यासाठी..."

"मव्ही घे. डॉक्टर म्हणतो, परत उगवलीय. जा, इचार आत. पडद्यावर दावतो. मव्ही ने आन् सुनंची सोड."

आश्रुबानं भागवतकडं पाहिलं. भागवतनं जमिनीकडं. त्याला काही कळलं नव्हतं, पण आईचा हा आवाज त्याला लहानपणापासून कळत होता.

"कोयता येईल का न्हाई ते सांगा," आश्रुबा म्हणाला. "न्हाईतर दुसरी जोडी बघतो."

हंगाम गेला तर खायचं काय, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सोजर माझा हात धरून उभी होती.

"येईल," माय म्हणाली. "भागवत येईल, मी येईन. सोजर बी येईल. तिची पाळी आली तर ती बसंल, तिची मोळी मी उचलीन. आन् तू खाडा लावलास तर आश्रुबा, टोळीतल्या समद्या बायांम्होरं तुला इचारीन, का लावला. नाव घिऊन इचारीन, कशाचा खाडा."

मी मायच्या तोंडून पाळी हा शब्द कधीच ऐकला नव्हता. घरोघर आम्ही म्हणत हिंडलो होतो, आणि ती पदर तोंडाला लावून आत जायची. आता भर रस्त्यात, मुकादमासमोर, हरभरा-ज्वारी म्हणावं तसा म्हणून गेली. आश्रुबाचं तोंड आंबट झालं. तो इकडंतिकडं बघायला लागला, कुणी ऐकलं तर नाही ना.

"बरं बरं," तो पुटपुटला. "बायामाणसांच्या तोंडी कोण लागणार." आणि जीपमध्ये जाऊन बसला.

त्यानं आम्हाला जीपमध्ये घेतलं नाही. आम्हीही मागितलं नाही. भागवत त्याची समजूत काढायला त्याच्याबरोबर गेला. आम्ही चौघी स्टँडकडं चालत निघालो. शमीम आणि सोजर पुढं. शमीम तिला अडचणीचा सगळा किस्सा नक्कल करून सांगत होती, डॉक्टरचा आवाज, मायचा आवाज, बैलासकट. सोजर आधी नुसती ऐकत होती. मग तिला हसू आलं, मग इतकं आलं की ती रस्त्यात पोट धरून खाली बसली. सकाळपासून उपाशी होती. शमीमनं तिला दंडाला धरून उठवलं.

मी मायबरोबर मागं होते. थोबाडीत बसणार हे मी धरून चालले होते. मी गाल तयार ठेवला होता, खरंच.

"तुला ठावं व्हतं," माय म्हणाली. ती विचारत नव्हती.

"व्हय."

"म्हणून मला आत नेलं."

"व्हय. मी सांगून तू ऐकली नसतीस."

"न्हाई ऐकलं," ती म्हणाली.

पुढं शमीम डॉक्टरची चाल चालून दाखवत होती. रस्त्यावरची चार माणसं बघायला लागली.

माय चालायची थांबली. एका बंद दुकानाच्या पायरीला हात टेकून उभी राहिली. मला वाटलं, कंबर.

"मी तवा सोजरपेक्षा दोन-तीन वर्सांनी मोठी व्हते," ती म्हणाली. "मला बी असंच म्हणाला व्हता. सडलीय. मी पडद्याकडं बघितलं बी न्हाई. लाज वाटली."

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"द्वारके, तू त्या गटात शिकलीस. खरं सांग." तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पुढं बघत विचारलं. "मव्ही बी चांगलीच व्हती का गं?"

खोटं बोलायला मला कधी विचार करावा लागला नाही. जिभेवर चार तयार असतात. माहीत नाही म्हणता आलं असतं, आणि तेही खोटं ठरलं नसतं, कारण चौदा वर्षांमागचं मला काय माहीत? कदाचित नसेलही चांगली. कदाचित खरंच आजारी असेल.

"व्हय माय," मी म्हणलं. "चांगलीच असणार."

तिनं मान हलवली. मग पदर डोक्यावर सारखा केला आणि पुढं बघून हाक मारली, "ए सोजर, थांब. उपाशीपोटी पळू नको. आधी खाऊ कायतरी."